तारेवरचा वुडी गथ्री : १९४९ ची ती मैफल ऐकलीत का कुणी?

जर्सीकर | शुक्रवार, रात्री १०:४०

गेले दोन आठवडे गाडीत एकच गोष्ट वाजतेय. बायकोने आता माझ्यासोबत गाडीत बसायचं सोडलंय, म्हणून इथे लिहितो.

वुडी गथ्री हे नाव मीही 'बॉब डिलनचा गुरू' एवढ्यापुरतंच ऐकून होतो. जन्म १९१२, ओक्लाहोमातलं ओकीमा गाव. तिसाव्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती बसली आणि हजारो कुटुंबं जुनाट गाड्यांतून कॅलिफोर्नियाकडे निघाली. हा त्यांच्यातच फिरला आणि त्यांचीच गाणी केली. त्याच्या स्टुडिओतल्या तबकड्या पुष्कळ आहेत. लोकांपुढे रंगवलेला अख्खा कार्यक्रम मात्र राहिला नाही, असंच सगळे धरून चालले होते.

मग २००१ साली त्याच्या कुटुंबाने जपलेल्या संग्रहाकडे टपालाने एक पुडकं आलं. आत तारेची दोन रिळं. फीत नव्हे, तार! १९४९ साली न्यूअर्कमध्ये त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा रटगर्स विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने तो तारेवर नोंदवला होता. ती रिळं पन्नास वर्षं त्याच्याकडेच पडून होती. सफाई करून २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि २००८ ला ऐतिहासिक ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. मी रोज न्यूअर्कवरून जातो आणि मला हे आत्ता कळतंय.

साधारण सव्वा तासाचा ऐवज आहे. त्यात गडी जितका गातो तितकाच बोलतो. त्याची बायको मार्जोरी सूत्रधार आहे. ती विचारते, सांगते, मध्येच गाडी रुळावर आणते, आणि हा पुन्हा भरकटतो. खरं सांगायचं तर गाणी मी एकदोनदा ऐकली, बोलणं दहा वेळा. तर माझे प्रश्न दोन. एक, ह्याला गाणं ऐकणं म्हणायचं का? दोन, आपल्या शाहिरांचं असं, लोकांसमोरचं, न कापलेलं काही कुणाकडे आहे का?

कोरा_चहा | शुक्रवार, रात्री १०:५२

२००७ ला आलेली गोष्ट आज सांगताय. तुमची लोकल बरीच लेट झाली की.

जर्सीकर | शुक्रवार, रात्री १०:५५

न्यू जर्सी ट्रान्झिटने येतो हो. हे त्या मानाने वेळेवरच आहे.

तुणतुणेवाला | शनिवार, सकाळी ७:१०

सकाळी सकाळी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गोऱ्याने गिटार घेतली की लोकगायक आणि आमच्या माणसाने तुणतुणं घेतलं की 'तमासगीर'. त्याच्या दोन रिळांसाठी ग्रॅमी. इथं आमच्या तालुक्यात चाळीस वर्षं फड गाजवणाऱ्या माणसाचा पाच मिनिटं आवाज शोधून मिळत नाही. तुमच्या कौतुकाशी वैर नाही, पण दुसरा प्रश्न पहिला हवा होता.

मु_पो_बार्शी | शनिवार, सकाळी ८:३५

तुणतुणेवाला, पोटतिडीक समजली, पण वैर कशाला? हा माणूस आपल्या शाहिरांचा मावसभाऊच आहे. जरा सालं जुळवून बघा. १९४४ ला अण्णा भाऊ साठे, अमर शेख (आमच्या बार्शीचे, हे सांगितल्याशिवाय मला पुढं लिहिता येत नाही) आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावात, मैदानात, मिळेल तिथं गायचे. त्याच सुमारास हा तिकडे कामगारांच्या सभांत गात होता आणि त्याच्या गिटारवर लिहिलं होतं, 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं'. आणि हा १९४९ चा कार्यक्रम झाला त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला डाव्या विचारांचा कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन याच्या मैफलीला आलेल्या लोकांवर दगडफेक झाली होती. असं वारं असताना माणूस काय बोलतो, कुठं हसवतो, कुठं गप्प बसतो हे ऐकायला मिळणं म्हणजे चैनच आहे. जर्सीकर, बोलणं दहादा ऐकलंत त्यात काही चुकलेलं नाही.

बतावणीखोर | शनिवार, सकाळी ९:०२

तुणतुण्यावर एवढं लिहायला जागा कुठाय? 'हे यंत्र फॅ' इथंच तार लागते.

फीतकापे | शनिवार, सकाळी ११:२०

माझ्या पोटापाण्याचा विषय निघालाय, त्यामुळे लांब लिहिणार. कंटाळा आला तर खाली सरका.

तार म्हणजे खरोखर तार. केसाएवढी बारीक, पोलादी. सेकंदाला २४ इंच पळते. म्हणजे तासाभराच्या रिळाला ७,२०० फूट, सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. शिलाई मशीनच्या बॉबिनवर दोरा नीट बसावा म्हणून वर-खाली भरतात ना, तसं ह्यात आवाज नोंदणारं हेडच वर-खाली होत राहतं. हातातून रीळ सुटलं तर जो गुंता होतो त्यापुढे पतंगाचा मांजा म्हणजे लाडका जावई. तुटली तर चिकटपट्टी नाही. दोन टोकांना गाठ मारायची, शेपट्या छाटायच्या आणि पुढे चालू.

आता अडचणी. फीत सपाट असते, तिची एक बाजू कायम हेडकडे. तार गोल. तिला पीळ पडला की नोंद झालेली बाजू पलीकडे फिरते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. दुसरं म्हणजे बहुतेक तारयंत्रांत कॅप्स्टन (एकाच वेगाने ओढणारा फिरता दांडा) नसायचा. गुंडाळणारं रीळच तार ओढायचं. रीळ भरत गेलं की घेर वाढतो आणि वेग बदलतो. त्यात पन्नास वर्षांची ओढाताण. मग गिटार एका कडव्यात एका पट्टीत आणि पुढच्या कडव्यात भलतीकडेच.

ह्यावर जे काम झालं ते गणिताचं आहे. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक केव्हिन शॉर्ट त्या चमूत होते. जेमी हॉवर्थ आणि इतर ध्वनितज्ज्ञांबरोबर ग्रॅमी त्यांनाही मिळालं. क्षणाक्षणाला वेग किती चुकलाय ते हिशेबाने काढायचं आणि तेवढंच उलटं फिरवायचं.

कोरा_चहा | शनिवार, सकाळी ११:२६

गणितात ग्रॅमी मिळतं हे दहावीत कुणी सांगितलं असतं तर प्रमेयं सोडून दिली नसती.

रानजाई | शनिवार, दुपारी १:४५

फीतकापे, प्रतिसाद आवडला, पण मला ह्या सफाया रुचत नाहीत. जुन्या आवाजावरची धूळ हाही आवाजच असतो. तुम्ही पट्टी सरळ केली, खरखर काढली, मग ते १९४९ राहिलं कुठे? आणि बरोबर पट्टी कोणती हे ठरवलं कुणी? त्या दिवशी त्याची गिटारच अर्धा सूर उतरलेली असेल तर?

फीतकापे | शनिवार, दुपारी २:३०

रानजाई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरखर काढताना हात जड झाला तर आवाजाचा जीव जातो, तिथे मी तुमच्या बाजूने. न्हाव्याने कमी कापलं तर पुन्हा बसता येतं, जास्त कापलं तर टोपी. पण वेगाचं हेलकावणं ही १९४९ ची धूळ नाही. त्या सभागृहात बसलेल्या कुणालाही ते हेलकावे ऐकू आले नव्हते. ते यंत्राचे आहेत. ते काढणं म्हणजे चष्मा पुसणं.

पट्टीचा प्रश्न चांगला आहे. अशा कामात गाण्याच्या बाहेरचा साक्षीदार शोधतात. उदाहरणार्थ विजेची घरघर. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या नोंदीत मागे तो बारीक 'हूं' असतो. तो ५० च्या जागी ५२ ला ऐकू आला तर गायक काही का गाईना, यंत्र किती पळालंय ते समजतं.

पिंपळपान | शनिवार, दुपारी २:४१

आणि जत्रेत जनरेटरवर रेकॉर्डिंग केलं असेल तर?

फीतकापे | शनिवार, दुपारी २:४३

तर साक्षीदारच प्यायलेला आहे. मग देवाचं नाव घ्यायचं.

सदाफुली | शनिवार, रात्री ९:१५

मी पेशाने डॉक्टर, गाण्यातलं फार कळत नाही. धागा वाचून संध्याकाळी ऐकायला घेतलं. जर्सीकर म्हणतात ते भरकटणं ऐकताना माझे कान वेगळ्या कारणाने टवकारले, म्हणून थोडं अवांतर.

गथ्रीला हंटिंग्टनचा आजार होता. मेंदू हळूहळू झिजवणारा, आनुवंशिक. आई किंवा बाप बाधित असेल तर प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. त्याच्या आईला होता. त्याचं निदान १९५२ मध्ये झालं, पुढे वर्षानुवर्षं तो रुग्णालयांतच राहिला आणि १९६७ ला गेला. १९५६ ते १९६१ तो न्यू जर्सीतच, ग्रेस्टोन पार्कच्या मनोरुग्णालयात होता. म्हणजे जर्सीकर, तुमच्याच राज्यात. मार्जोरी मूळची मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंघातली नर्तिका. त्याच्या मृत्यूनंतर लगेच, १९६७ सालीच, तिने ह्या आजाराविरुद्ध काम करणारी संस्था उभी केली. कार्यक्रमात ती ज्या सहजपणे त्याला परत वाटेवर आणते ते ऐकताना पुढचं सगळं आठवत राहतं.

ध्वनिमुद्रण ऐकून निदान करू नये. पाल्हाळ हा आजार असता तर आमच्या घरचे सगळे काका तपासावे लागले असते.

बतावणीखोर | शनिवार, रात्री ९:२०

ह्या संस्थळावरचे सदस्यही. दिवे घ्या.

जर्सीकर | शनिवार, रात्री ११:०५

सदाफुली, ग्रेस्टोनचं माहीत नव्हतं. १९६१ मध्ये डिलन त्याला भेटायला तिथे गेला होता, तेच हे, आत्ता जुळलं.

तुमच्यावरून एक आठवलं. हे सगळं प्रसिद्ध करण्यात पुढाकार त्याच्या मुलीचा, नोराचा. आजीचंच नाव तिला ठेवलंय. तिचा जन्म जानेवारी १९५०. म्हणजे हा कार्यक्रम झाला त्या वर्षी ती जगातच आलेली नव्हती, आणि तिला कळायला लागेपर्यंत बाप आजारी. धडधाकट बाप स्टेजवर लोकांना हसवतोय आणि शेजारी आई, हे तिने पहिल्यांदा ऐकलं ते पन्नाशी उलटल्यावर, ह्या तारेवर. तारेचं पुडकं नीट बांधून ठेवणाऱ्या त्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार.

मु_पो_बार्शी | रविवार, सकाळी ८:००

ऐकलं काल रात्री. '१९१३ चं हत्याकांड' आलं तिथे उठून बसलो. मिशिगनमधल्या कॅल्युमेटची गोष्ट आहे. तांब्याच्या खाणकामगारांचा संप, नाताळची आदली संध्याकाळ, मुलांसाठी मेजवानी. कुणीतरी 'आग, आग' म्हणून खोटंच ओरडलं आणि जिन्यात चेंगरून ७३ माणसं गेली. बहुतेक लहान मुलं. ही गोष्ट मदर ब्लूर या कामगार चळवळीतल्या बाईंकडून आली, हे तो आधी सांगतो. आपला शाहीर पोवाड्याआधी 'ऐका मंडळी' म्हणून गोष्ट लावून देतो, अगदी तसं. आणि गाताना आवाज कुठेही चढवत नाही. आमच्या इथला माणूस असता तर डफाने मांडव हलवला असता. दोन्ही खरं.

रत्नांग्रीचा | रविवार, सकाळी १०:१२

पोवाडा पोवाडा काय करताय, जाखडी ऐका. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर, रात्रभर सवाल-जवाब. आमच्या वाडीत प्रत्येक घरात निदान एक कॅसेट तरी असायची, चाकरमानी गणपतीला येताना टेपरेकॉर्डर घेऊन यायचा आणि मृदंगाच्या शेजारी ठेवायचा. त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता मृदंग आहे. बुवा काय म्हणाले ते बुवांनाच ठाऊक.

तुणतुणेवाला | रविवार, सकाळी १०:४०

हे मात्र खरं. टेप कुठं ठेवायचा हे कळणारा माणूस गावात एकच, आणि तो नेमका त्या दिवशी पाहुण्याकडं.

बतावणीखोर | रविवार, सकाळी ११:३०

मला ह्या गथ्रीचा आवडलेला किस्सा. १९४१ मध्ये कोलंबिया नदीवरच्या धरणांची महती गायला सरकारी वीज खात्याने त्याला एक महिना नोकरीला ठेवलं. ३० दिवसांत २६ गाणी केली, पगार २६६ डॉलर. म्हणजे एका गाण्याला साधारण दहा डॉलर. ग्रँड कूली धरणावरचं गाणं ह्या १९४९ च्या कार्यक्रमातही आहे. धरणाच्या कंत्राटात शाहिराचा खर्च धरणारं सरकार बघून डोळे पाणावले.

रानजाई | रविवार, दुपारी १२:०५

आणि धरणाखाली ज्यांची मासेमारी गेली त्या मूळच्या जमातींचं गाणं कुणी केलं? ग्रँड कूलीने साल्मन माशांची वरची वाट कायमची बंद केली. विस्थापितांचा कैवारी म्हणून त्याला डोक्यावर घ्यायचं आणि हे विसरायचं?

मु_पो_बार्शी | रविवार, दुपारी १२:३०

विसरायचं नाही. पण १९४१ मध्ये त्याच्या डोळ्यापुढे धुळीत गेलेली शेतं होती. वीज आणि पाणी त्याला देव वाटला तर नवल नाही. आपल्याकडे कोयनेच्या वेळी धरणाबद्दल काय भावना होती ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. एकाच घरात दोन उत्तरं मिळतील.

रत्नांग्रीचा | रविवार, दुपारी १२:४४

कोयनेची वीज आमच्या डोंगराच्या कुशीत तयार होते आणि आमच्याकडेच जाते. ह्यावर कुणी दहा डॉलर देणार असेल तर गाणं तयार आहे.

संपादक मंडळ | रविवार, दुपारी १:३०

धागा गाण्यावरून धरणावर गेला आहे. धरणांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

ओवीबाई | रविवार, दुपारी ४:५०

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी नीट हात घातला नाही म्हणून लिहिते. तुणतुणेवाला, तुम्ही विचारता आमच्या माणसांचा आवाज कुठाय. थोडा आहे. आणि तो बायकांचा आहे.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या लिहून घेतल्या, आणि नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने पुष्कळ ध्वनिमुद्रणही केलं. २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ह्या संस्थळावर त्या आवाज, अक्षरं, भाषांतर अशा येत आहेत. मधली वीसेक वर्षं हे आवाज सामान्य ऐकणाऱ्याच्या कानावर पडलेच नव्हते. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या ऐका. १९९६ चं ध्वनिमुद्रण आहे. आवाज असा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. भाजी गेली.

जर्सीकरांच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तरही तिथूनच येतं. जात्यावरची बाई श्रोत्यांसाठी गात नाही. ओवी म्हणते, थांबते, शेजारणीला काहीतरी सांगते, पुन्हा ओवी. माझी आजी दळताना ओवीतच सुनेला टोमणा मारायची आणि सून पुढची ओवी उचलून परत करायची. ह्यातलं बोलणं कुठलं आणि गाणं कुठलं, कसं निवडणार तुम्ही?

कोरा_चहा | रविवार, संध्याकाळी ५:०५

वाचनखूण साठवली. भाजीला श्रद्धांजली.

पिंपळपान | रविवार, रात्री ८:३०

काल जनरेटरचा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. आता सांगते.

आमच्या घरी, नगर जिल्ह्यात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर निळ्या शाईने 'भजन' लिहिलेलं. ऐंशीच्या दशकातली असावी. दिवाळीत लावली. भजन कसलं! गावच्या जत्रेतला तमाशा. गण संपता संपता चालू होतो, मग गवळण, मग बतावणी. मध्ये मध्ये दौलतजादा. कुणी पैसे दिले की गाणं थांबवून नाव पुकारायचं, 'अमक्या गावच्या तमक्यांकडून इतक्या रुपयांची दौलतजादा', आणि ढोलकीचा तुकडा.

आणि आठव्या नावाला आमचे आजोबा. पाच रुपये. पूर्ण नाव, गावासकट.

आमच्या घरात आजोबा तमाशाच्या वाटेला जात नसत अशी ठाम समजूत आहे. माळकरी माणूस. वडिलांना ह्याच कारणावरून एकदा त्यांनी दोन दिवस घराबाहेर काढलं होतं. वडिलांनी ते नाव चार वेळा मागे घेऊन ऐकलं. चौथ्यांदा फीत अडकली. पेन्सिल घालून फिरवून सोडवली, पण आता एक बाजू सरकतच नाही.

गाणारी बाई कोण ते कळत नाही. ज्यांनी पैसे दिले त्या सगळ्यांची नावं आहेत, जिने गायलं तिचं एकदाही नाही.

तुणतुणेवाला | रविवार, रात्री ९:२५

पिंपळपान, शेवटची ओळ वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. ढोलकी, चाल, गावाच्या जवळपासचे फड, ह्यावरून माग काढता येतो. मी दहा वर्षं फडात झील धरली आहे (तुणतुणं म्हणजे नुसतं सदस्यनाम नव्हे). ऐकवा, ओळखायचा प्रयत्न करतो.

आणि जर्सीकर, तुमचं ते तारेवरचं मी अखेर काल ऐकलं. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. तरी सांगतो. त्या बोलण्यात माणूस काय करतोय ते मला भाषा न कळता कळलं. कडव्यानंतर शाहीर बोलतो तेव्हा मागचे झीलकरी दम घेतात, हा एक हिशेब. दुसरा हिशेब गावाचा. बोलता बोलता समोरची माणसं कशाला हसतात, कुठं माना खाली घालतात ते बघायचं आणि त्याप्रमाणे पुढचं कडवं लांबवायचं की तोडायचं हे ठरवायचं. गाणं तेच असतं, बोलणं गावागणिक नवं. तुमचा गथ्री मध्येच रेंगाळतो ना, ते मला भरकटणं वाटलं नाही. तो माणसं चाचपतोय. एखाद्या ठिकाणी हशा उशिरा येतो, तो थांबून राहतो, येऊ देतो. हे स्टुडिओत कसं होणार? तिथं समोर काच. त्यातून तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांची. आमच्या पोवाड्यांची त्यातच चटणी झाली. दोन बाजूंत अख्खी लढाई.

तेव्हा गोऱ्याबद्दल जे बोललो ते मागे. ग्रॅमीबद्दल जे बोललो ते तसंच ठेवा.

फीतकापे | रविवार, रात्री ९:५०

तबकडीचं खरंय. ह्याच कार्यक्रमातलं 'टॉम जोड' हे गाणं त्याने १९४० ला व्हिक्टर कंपनीसाठी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला गायलं तेव्हा लांबीमुळे दोन बाजूंवर तोडावं लागलं होतं. तारेवर सलग मावतं.

पिंपळपान, आता कॅसेटला हात लावू नका! पेन्सिल तर अजिबात नको. बहुधा फीत आत चिकटली आहे किंवा दाबपट्टीचं स्पंज निघालंय. फीत दुसऱ्या डबीत हलवता येते, माझं रोजचंच काम आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. खोक्यात कापूस घाला, चुंबकाचं पाकीट किंवा स्पीकरजवळ ठेवू नका. आणि हो, लेबल काढू नका. 'भजन' हा ऐतिहासिक पुरावा आहे.

जर्सीकर | रविवार, रात्री ११:४०

तुणतुणेवाला, उशिरा आलेला हशा! मी इतक्यांदा ऐकून 'मला हे का आवडतंय' हेच शोधत होतो. उद्या पुन्हा ऐकतो, ह्या वेळी फक्त लोकांना ऐकणार.

बायकोला पिंपळपानचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, हे गाडीत लाव, मी बसते.

पिंपळपान | पुढचा शनिवार, रात्री ८:१०

ताजी बातमी. फीतकापे यांनी फीत नव्या डबीत घालून पहिली बाजू संगणकावर पाठवली. जनरेटरवरच होतं, त्यामुळे साक्षीदार प्यायलेला, पण ढोलकी अशी स्वच्छ की वडील उठून उभे राहिले. मागे कुणीतरी शेंगा फोडतंय तेसुद्धा ऐकू येतं. तुणतुणेवाल्यांना पाठवलंय. त्यांनी तीन फडांची नावं काढली आहेत, सध्या फोनाफोनी चालू आहे.

आज आजीला ऐकवलं. नव्वदीची आहे, कान बरे आहेत. आजोबांचं नाव आलं तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "पाचच पुकारले? घरातनं वीस घेऊन गेलं होतं."

बतावणीखोर | पुढचा शनिवार, रात्री ८:१३

पंधरा रुपयांची चौकशी समिती नेमा.

सदाफुली | पुढचा शनिवार, रात्री ८:३०

म्हणजे आजींना माहीत होतं! पुढे काय म्हणाल्या?

पिंपळपान | पुढचा शनिवार, रात्री ८:४२

काही नाही. दुसरी बाजू लावा म्हणतेय.